कडेनं पळणाऱ्याचा बूट

फुटबॉलचा बूट हातात आला की मी आधी त्याची टाच दाबून बघतो, मग पुढं अंगठा घालतो. रंग बघत नाही. परवा बाजारातल्या दुकानात तसंच केलं, तर दुकानदार म्हणाला, "बाबा, साईज सांगा, मी काढून देतो."

मी विचारलं, "हा कुणाचा? मागं उभं राहून बॉल मारणाऱ्याचा, का कडेनं पळणाऱ्याचा?"

तो हसला. "बूट सगळे सारखेच असतात बाबा. पायात बसला म्हणजे झालं."

सारखे नसतात. हे मला माझ्या बायकोनं दाखवलं, आणि तिनं जन्मात कधी बॉलला पाय लावला नव्हता. ती जाऊन आता वर्ष होत आलं. दुकानदार असं म्हणाला हे घरी येऊन तिलाच सांगायचं होतं. ती नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चार इयत्ता, तीही निजामाच्या वेळची, उर्दूतली. मराठी अक्षर मी नोकरीत लागल्यावर गिरवलं. चुकलं तर चुकलं.

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. मी उस्मानाबादला पोलिसात शिपाई होतो. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, पण संसार म्हणाल तर नाही. मी लाईनीतल्या बराकीत सड्या शिपायांच्या खाटांत खाट टाकून, आणि ती गावाकडं माझ्या थोरल्या भावाच्या घरात. गाव येडशीच्या पलीकडं. रजा मिळाली तर मी जायचो. त्या घरात माणसं एवढी की नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर गवत कापायच्या निमित्तानं रान गाठावं लागायचं. रजा संपली की मी परत बराकीत.

भावजय वाईट नव्हती. पण घर तिचं होतं आणि ते ती विसरू देत नव्हती. बायको मला एकदाच म्हणाली, "लाईनीत खोली मिळती म्हंत्यात. कसली का आसंना, बगा." एवढंच. परत तिनं तो विषय काढला नाही. तिचं असंच होतं. एकदा बोलायची आणि मग माझ्या तोंडाकडं बघत राहायची. बोलून डोकं खाल्लं असतं तर मी दुर्लक्ष तरी केलं असतं.

लाईनीत कुटुंबवाल्यांच्या खोल्या थोड्या आणि मागणारे फार. मला मिळायला कितीतरी वर्षं गेली असती. पण आमचे एक जमादार होते, मूळचे हैदराबादचे. राज्य बदललं तसे त्यांच्याबरोबरचे पुष्कळ लोक तिकडं परत गेले, हे राहिले. त्यांना फुटबॉलचं वेड होतं. त्यांनी साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं, की टीममध्ये जो पक्का ठरेल त्याला खोली आधी मिळावी. सकाळी सरावाला माणूस हाताशी पाहिजे आणि पोटाला घरची भाकरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या पावसाळ्यात एक खोली रिकामी होणार होती, आणि टीममध्ये एकच जागा ठरायची होती, राईट आऊटची.

राईट आऊट म्हणजे उजव्या कडेनं पळणारा. चुन्याच्या रेघेला धरून बॉल घेऊन सुटायचं, आणि शेवटाला एकदम आत वळून बॉल मधल्या गड्याला द्यायचा. मधल्यांना ताकद लागते, मागच्यांना दणकट पाय लागतो. कडेच्याला पळ लागतो, आणि त्याहून जास्त म्हणजे भर पळात थांबता यावं लागतं. नुसतं पळणारा सरळ मैदानाबाहेर जातो.

ह्या जागेला आम्ही दोघं होतो. दुसरा गडी कळंबकडचा. माझ्यापेक्षा उंच, बॉल माझ्यापेक्षा लांब मारणारा, पण पळायला मी सरस. तोही बायकोला गावाकडं ठेवून आलेला. आमच्यात भांडण नव्हतं. तंबाखू एकाच चंचीतली खायचो. पण खोली एक होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

तोवर आम्ही सगळे अनवाणी खेळत होतो. मग ठरलं की पोळा झाल्यावर सोलापूरची टीम आमच्याकडं खेळायला येणार. ते लोक बूट घालून खेळायचे. अनवाणी पायावर बुटाचा पाय पडला तर काय होतं ते सांगायला नको. जमादारांनी हुकूम काढला, "अब सब बूट पैनके खेलना. जो बूट में दौड़ेगा, वोइच खेलेगा."

बूट आले ते कोठीतून. हैदराबादला परत गेलेल्या लोकांनी एक पोतं मागं टाकलं होतं. ते आमच्यासमोर उपडं केलं. वाळून लाकडासारखे झालेले बूट, कुणाची जीभ बाहेर, कुणाच्या नाड्या उंदरांनी खाल्लेल्या. मी एक बूट उलटा करून बघितला. तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून, मधून खिळे मारून केलेले गोल ठोकळे. आम्ही त्यांना खुंट्या म्हणायला लागलो. काही बुटांना खुंट्यांच्या जागी आडव्या पट्ट्या होत्या. हे असं का, ते तसं का? एका टीमचे बूट आणि दोन तऱ्हा का? मी जमादारांना विचारलं. ते म्हणाले, "जो पाँव में आया वो पैन. कायकू दिमाग चलारा?"

आता आमच्या पायांचं सांगतो. आम्ही सगळी अनवाणी वाढलेली माणसं. ढेकळांत चालून आमचे पाय पुढं सुपासारखे पसरलेले. बूट केलेले निमुळत्या पायाच्या माणसांसाठी. ज्याची लांबी बरोबर, त्यात करंगळी चेंगरायची. म्हणून प्रत्येकानं रुंदी बसेपर्यंत मोठ्यात मोठा बूट उचलला आणि पुढं राहिलेल्या पोकळीत चिंध्या कोंबल्या. सगळ्या टीमनं एकच चूक केली आणि सगळ्यांना ती शहाणपणाची वाटली. लहानपणापासून ऐकलेलं होतंच की, पायतण सैल बरं.

मीही तसाच एक घेतला. घोट्याच्या वर येणारा, पट्ट्यांचा, जड. त्यात मी पळालो तर कळंबकडचा गडी मला मागं टाकून गेला. अनवाणी असताना असं एकदाही झालं नव्हतं. तो चांगला पळाला असंही नाही. मीच बैलगाडी झालो होतो.

पोत्यात अजून एक जोडी होती. घोट्याच्या खालीच कापलेली, पातळ चामड्याची, गोल खुंट्यांची. ती कुणालाच होत नव्हती म्हणून बाजूला पडलेली. हाताला एवढी हलकी लागली की ठेववेना. जमादार म्हणाले, "क्या रे हौले, बूट पसंद करा या दुल्हन? दोनों ले जा छुट्टी पे. आते वखत एकीच लाना."

असा मी हौला, म्हणजे खुळा, बुटांच्या दोन जोड्या गळ्यात अडकवून रजेवर गेलो. दारातच भावजयीनं बघितलं. बूट उलटा करून म्हणाली, "भावजी, सरकारनं तुमाला नाल मारायला काडले व्हय? आन ही दुसरी जोडी कुनाची, मागल्या पायांची?"

घर हसलं. बायको हसली नाही. तिनं बूट हातात घेतला, वास घेतला, वाकवून बघितला, तळाच्या खुंटीवर नख मारलं. मी तिला सगळं सांगितलं. जागा एक, गडी दोन, खोली एक, आणि बुटात माझा पळ जातोय. तिनं फक्त विचारलं, "कवा पळून दाखवायचंय?"

"रजेवरनं गेल्यावर लगीच."

"मग उद्या रानात चला."

आमचं रान दोन तऱ्हांचं. वर मुरमाड माळ, खाली ओढ्याकाठी काळी चिकण माती. मैदानही नेमकं तसंच होतं. एका अंगाला मुरूम, दुसऱ्या अंगाला सखल काळं, पाऊस झाला की तिथं पाय रुतायचा. आणि खेळात अर्ध्यावर बाजू बदलतात. म्हणजे उजव्या कडेचा गडी अर्धा वेळ चिखलात पळतो आणि अर्धा वेळ मुरमावर. मधल्यांना निम्मं-निम्मं सगळीकडं. कडेच्याचं तसं नाही, त्याला पुरा चिखल नाहीतर पुरा मुरूम. हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग बूट दोन जमिनींचा पायजे की."

तोवर हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी मोठा बूट घालून काळ्यात पळालो. ती बांधावर विळा घेऊन उभी. मी वळलो, थांबलो, परत आलो. ती माझ्याकडं बघतच नव्हती. उतरून माझ्या पावलांच्या ठशांपाशी जाऊन बसली. तिच्या माहेरी जनावरं फार. चुकलेली गाय खुराच्या ठशावरून हुडकायची, ती लंगडतीय का गाभण आहे तेही ठशावरून सांगायचं, असं त्यांच्यात होतं.

"आवं, हिकडं या. ह्ये बगा, वळताना टाचंचा ठसा दोनदा उठलाय."

"मंग?"

"तुमचा पाय थांबला, बूट थांबला न्हाय. त्यो तुमच्या मागनं येतोय, सालगड्यागत."

मी बघितलं. खरंच एकावर एक दोन टाचा, मधे बोटभर अंतर. तेवढ्या बोटभरात माझा पळ जात होता.

"आता बिगर बुटाचं पळा."

पळालो. ती परत बसली. मीही बसलो. अनवाणी ठशात पुढचा चवडा खोल, अंगठा आणि करंगळी दोन बाजूंना रोवलेली, आणि टाच जवळजवळ नाहीच. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पळताना तुमची टाच टेकतच न्हाय. मग येवढी टाच वाहताय कशाला?"

तिची ही सवय शेवटपर्यंत गेली नाही. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या ती नर्सबाईच्या चपला बघायची. मला म्हणाली, "ह्या बाईचा उजवा पाय दुखतोय. तिला कुणी सांगा, उभं ऱ्हाऊ नको एवढी." मी सांगितलं नाही. नर्सला काय सांगणार? पण दुसऱ्या दिवशी ती बाई खरंच गुडघा चोळत बसलेली दिसली. मी बायकोला खूण केली. ती नुसती हसली.

रानात परत येतो. मोठ्या बुटाचा तळ तिनं उलटा केला. पट्ट्यांच्या मधे काळी माती अशी घट्ट बसली होती की तळ सपाट थापी झाला होता. विळ्याच्या टोकानं काढली तरी निघेना. मग लहान बुटाच्या खुंट्या मी नुसत्या हातानं मातीत दाबून बघितल्या. माती सगळीकडून सुटायची, अडकायची नाही. आता कळलं, दोन तऱ्हा का. पट्टी बऱ्या जमिनीवर धरते, चिकण मातीत मरते. गोल खुंटी चिकणात आत जाते आणि मोकळी बाहेर येते.

म्हणजे बूट हवा होता तो लहानच. लांबी बरोबर, टाच धरून, घोट्याला मोकळा, हलका, गोल खुंट्यांचा. पण घालून मी बांधापर्यंतसुद्धा जाईना. करंगळी बोंबलायला लागली. बायकोनं बुटावरून माझा पाय चाचपला, कासार बांगड्या भरताना मनगट चाचपतो तसा.

"बाकी समदं बसलंय. अडचण हितंच हाय, बोटांपाशी. ह्ये वाढवता येत न्हाय व्हय?"

"चामडं काय पीक हाय वाढायला?"

तिनं चवड्यावरचं चामडं दाबून बघितलं. मग म्हणाली, "हरभरा भिजून फुगला तर गाडगं फोडतो. चामडं काय मोठं लागून गेलं?"

मला हसू आलं, मग भीती वाटली. बूट सरकारी. शिवण उसवली तर दुसरी जोडी नाही आणि खोलीही नाही. तिला म्हणालो तसं. ती म्हणाली, "मोठ्या बुटात खोली मिळनार हाय का?"

मी बूट तिच्याकडं सरकवला.

हरभरे घरातल्या उतरंडीतले घेतले असते तर भावजयीनं गाव गोळा केलं असतं. बायकोनं सुगीनंतर लोकांच्या रानात पडलेले हरभरे वेचून गाडग्यात ठेवले होते. सरव्याचे, म्हणजे तिच्या एकटीचे. तिनं बुटाला आतून-बाहेरून करडईचं तेल चोळलं. मग जुन्या धडप्याच्या दोन लहान पिशव्या शिवल्या, हरभरे भरले, पाण्यात बुडवून काढल्या आणि चवड्याच्या जागी ठोसून बसवल्या. त्यामागं चिंध्या दाबल्या, हरभरा मागं सरकू नये म्हणून. आणि टाचेला बाहेरून सुंभ गुंडाळून करकचून बांधला. "हितं फुगू द्यायचं न्हाय," म्हणाली. "टाचंनं तुमाला धरलं पायजे."

भावजयीनं बूट चुलीच्या अंगाला बघितले आणि तोंड सुटलं. "बाई बाई बाई! चामड्यात धान घालती का कुनी? इटाळ घरात आनला."

बायको म्हणाली, "आक्का, मोटंचं पानी पितोच की आपन. मोट कशाची असती?"

"जीभ लई लांब झाली तुजी."

"बूट आवळतोय म्हनून जीभ लांब केली."

मी घराबाहेर जाऊन हसलो. आत हसायची सोय नव्हती.

मधेमधे पिशव्या ओल्या करायला लागल्या. दर वेळी ती बोट घालून शिवण चाचपायची आणि मला म्हणायची, "तुमी बी बगा." मी बघायचो. आम्ही दोघं त्या बुटांवर वाकलेलो बघून भाऊ म्हणाला, "पाळन्यात पोर हाय का काय?" तेवढं सोडलं तर ते दिवस बरे गेले. रजेत आम्ही कधी एवढं बोललो नव्हतो. चामडं केवढं ताणेल, चवड्यातली बोटं कशी उघडतात, बैल चढाला लागला की खूर कसा रोवतो. तिला सगळ्याचं ‘का’ पाहिजे असायचं.

पिशव्या काढल्या तेव्हा हरभऱ्याला मोड आले होते. हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. भावजय दारातनं ओरडली, "भावजी, बुटाची उसळ झाली! कोन खानार?"

"बैल खाईल," बायको म्हणाली, आणि खरंच बैलाला घातली.

बूट घातला. डावा असा बसला की पायातच उगवलाय. उजव्याची करंगळीपाशी शिवण थोडी उसवली होती. ती बघून तिचं तोंड उतरलं. मी म्हणालो, "बरं झालं, करंगळीला वारा लागंल." मी तसाच खाली काळ्यात पळालो, भर पळात वळलो, थांबलो. तिला खाली बोलावलं. टाचेचा ठसा एकच होता. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

मग वर मुरमावर गेलो आणि नवीन घोटाळा. मुरमावर खुंट्या आत जात नाहीत. टोकांवर उभं राहिल्यासारखं होतं, घोटा हलतो, चवड्याला खालून टोचतं. एकदा वळताना पडलो, कोपर सोललं. आता काय करायचं? खुंटी उंच ठेवली तर चिखल जिंकला आणि मुरूम हरला. बारीक केली तर उलट.

आमचं भांडणच झालं. मी म्हणालो, सगळ्या अर्ध्यानं कमी करू. ती म्हणाली, "चवड्याच्या न्हाय करायच्या, चिखलात त्याच धरत्यात. टाचंच्या करा. टाच टेकतच न्हाय तुमची." मी म्हणालो, "मुरमावर चवडाच टोचतोय, टाच न्हाय." शेवटी दोघांचं थोडं थोडं ठेवलं. चवड्याच्या खुंटीची एकच चकती कमी, टाचेच्या चकत्या जास्त कमी.

जाताना येडशीला स्टेशनाबाहेर बसणाऱ्या चांभाराकडं दिलं. त्यानं खिळे काढून चकत्या सोलल्या, आखूड खिळे मारले, करंगळीपाशी दोन टाके घातले. म्हणाला, "पावनं, ह्ये घालून कुठल्या रानात जाता?" मी म्हणालो, "दोन रानात."

चाचणीच्या दिवशी मैदान नेमकं अर्धं ओलं होतं. जमादारांनी आम्हा दोघांना आधी काळ्या बाजूच्या रेघेवर उभं केलं. बॉल घेऊन पळायचं, बांबू रोवलेला तिथून आत वळायचं, बॉल मधे द्यायचा. कळंबकडचा गडी आधी पळाला. निम्म्यात त्याच्या पट्ट्यांत माती भरली आणि पाय असे पडायला लागले जसा कुणी भाकरी थापतोय. तो वळला ते बांबूच्या पार पुढं जाऊन. मी पळालो. बांबूपाशी वळलो. पडलो नाही. एवढंच सांगतो, कारण वळताना माझे डोळे मिटलेले होते.

मग मुरमाची बाजू. तिथं तो सुटला. पट्ट्या मुरमावर मस्त धरत होत्या. माझी पाळी आली. बॉल घेतला, पळालो, आणि वळताना बाहेरच्या अंगाची एक खुंटी निखळून उडाली. कानाला आवाज आला. चांभाराचा आखूड खिळा धरला नव्हता. मला वाटलं संपलं, आता तोंडावर जाणार. पण टाच बुटात घट्ट होती. बूट मागं राहिला नाही, माझ्याबरोबर वळला. बॉल मधे गेला. सरळ गेला नाही, पण गेला.

जमादार चालत आले. पडलेली खुंटी उचलली, मग माझा बूट काढायला लावला. आत हात घातला, बाहेर काढून वास घेतला. "इसमें क्या पकाया रे?"

"चना, साब."

"चना?" त्यांनी परत वास घेतला. "किसकी अकल?"

"घरवाली की."

सगळी टीम हसायला लागली. जमादार हसले नाहीत. त्यांनी बूट दोन्ही हातांत वाकवला, टाच दाबली, पुढं अंगठा घातला. मग कळंबकडच्या गड्याला म्हणाले, "तू बीच में खेल. ताकत तेरे पास है. बाजू से ये जाएगा."

त्याला मधली जागा मिळाली, पण ती पक्की नव्हती. त्या जागेचे पक्के गडी आधीच ठरलेले, हा त्यांच्या जोडीला. संध्याकाळी त्यानं चंची माझ्यापुढं टाकली. म्हणाला, "खोली घे जा. पन तुज्या बायकोला आमच्या बुटाचंबी बगायला सांग. पुडल्या साली मलाबी आनायचीय माझी."

सोलापूरची मॅच आम्ही हरलो. एकच गोल बसला, आणि मी दिलेला एक चांगला बॉल मधल्या गड्यानं गोलाच्या वरून घालवला. तो गडी कोण ते सांगत नाही, आमची चंची अखेरपर्यंत एक होती. पण चिखलातल्या बाजूनं त्यांचा मागचा माणूस दोनदा माझ्यामागं घसरून बसला, हे जमादारांनी साहेबांना सांगितलं असावं. काही दिवसांनी खोलीचा हुकूम आला.

खोली म्हणजे निजामाच्या वेळची घोड्यांची पागा, मधे भिंती घालून केलेली. मी चुना मारला, फरशी घासली, तरी पावसाळी हवेत घोड्यांचा वास यायचाच. बायको दोन गाठोडी घेऊन सर्व्हिस मोटारीनं आली. मला लाज वाटत होती. उंबऱ्यात उभी राहून तिनं लांब श्वास घेतला.

"घोडी होती व्हय हितं?"

"व्हती. वास जात न्हाय. दुसरी खोली रिकामी न्हाय झाली."

"ऱ्हाऊ द्या. माणसांच्या बोलन्यापरीस घोड्यांचा वास बरा."

गाठोडी खाली ठेवली, चूल कुठं मांडायची ते पायानं खूण करून ठरवलं, आणि दारात येऊन मैदान बघत राहिली. समोरच होतं. आमचा डाव्या कडेचा गडी एकटाच रेघेनं बॉल मारत होता. ती त्याच्या पायांकडं बघत होती हे मला दिसत होतं.

"आवं, ह्यो डाव्या कडंनं पळतो ना? वळतो उजवीकडं. मग ह्याचा उजवा बूट आदी झिजत आसंल का डावा?"

मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलं नव्हतं. म्हणालो, "उद्या बगू."

बोललो आणि माझं मलाच नवल वाटलं. तोवर आमच्यात उद्या असायचा तो रजा संपायचा. हा उद्या तसा नव्हता. परवाही ती इथंच असणार होती, आणि त्याच्या पुढंही.

तिच्या ते डोक्यात आलं की नाही, कळलं नाही. ती म्हणाली, "उद्या कशाला? उजेड हाय की अजून," आणि पदर खोचून मैदानाकडं निघालीसुद्धा.